बिशप, प्रेसबिटर आणि वडील: ही पदं कुठून आली?

जालन्याची नात: सर्वांना सलाम. आजी अजूनही मंडळीच्या ‘वडिलां’बद्दल बोलते. उपासनेच्या पत्रिकेवर आमच्या पाळकसाहेबांच्या नावापुढे ‘प्रेसबिटर’ छापतात. पुढच्या महिन्यात दृढीकरणाला (कन्फर्मेशनला) बिशपसाहेब येणार आहेत. आजी म्हणते, तिच्या लहानपणी आमच्या मंडळीला बिशप नव्हताच. असं कसं?

पैठणगेट: आजींचं खरं आहे. जालन्याचं मिशन स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं; त्यांच्या नारायण शेषाद्रींनी जवळच बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. ती मंडळी प्रेसबिटेरियन. त्यांच्यात बिशप नसतो, पाळक आणि निवडलेले वडील मिळून कारभार बघतात. इकडं औरंगाबादेत काम चर्च मिशनरी सोसायटीचं, रतनजी नवरोजींनी वाढवलेलं. ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, त्यांना बिशप होता. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्च एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा बिशप जालन्यालाही मिळाला.

आता मूळ बघा. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 20 काढा. वचन 17 मध्ये पौल इफिसच्या वडिलांना बोलावून घेतो आणि वचन 28 मध्ये त्याच माणसांना अध्यक्ष म्हणतो. वडील म्हणजे ग्रीकमधला प्रेस्बुतेरोस, त्यावरून प्रेसबिटर. अध्यक्ष म्हणजे एपिस्कोपोस, देखरेख करणारा. तोच शब्द झिजत झिजत बिशप झाला. तीताच्या पत्रातही पहिल्याच अध्यायात हे दोन्ही शब्द एकाच माणसासाठी येतात. पुढं दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नाती आपल्या पत्रांत एक बिशप, त्याच्याभोवती वडील आणि सेवक (डीकन) अशी मांडणी करतो. पदं वेगळी झालेली तिथं स्पष्ट दिसतात.

मला मनापासून वाटतं, वडील हे पद आपण फार स्वस्त केलं. कमिटीची निवडणूक, हॉलचं भाडं, दानाचा हिशोब, एवढंच उरलंय. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं लिहिलंय. आपल्यात किती जण जातात?

उदगीरकर: आम्ही मेथडिस्ट. 1970 ला आमचं चर्च त्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेलं नाही, तरी बिशप आहेच. आमच्या चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली, त्यानं 1784 मध्ये आपला सहकारी थॉमस कोकला अमेरिकेत सुपरिटेंडंट म्हणून पाठवलं होतं. तिकडच्यांनी त्याचं बिशप केलं. वेस्लीला ते अजिबात रुचलं नाही.

पैठणगेट: बरं झालं हे लिहिलंत. सुपरिटेंडंट म्हणजे त्याच एपिस्कोपोसचं लॅटिन भाषांतर. दृढीकरणाच्या दिवशी पोरांना बिशपसाहेबांची वर वाकलेली काठी नीट बघायला सांगा. ती मेंढपाळाची आहे.

जालन्याची नात: मग मॉडरेटर कोण?

पैठणगेट: सिनडचा, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या सर्वोच्च सभेचा, प्रमुख. तो बिशपांमधूनच निवडतात, पण नाव स्कॉटलंडच्या प्रेसबिटेरियनांचं. तिथं सभा चालवणाऱ्याला मॉडरेटर म्हणतात. आजींना सांगा, बिशपचं पद अँग्लिकनांकडून आलं, मॉडरेटर हे नाव तुमच्या बाजूचं.