अनुभव धागा : इंग्लिश खेडं, विणकाम आणि खून. ज्येष्ठ शोधकांच्या रहस्यकथा कशा वाचता?

रातराणी

अगाथा ख्रिस्तींची म्हातारी शोधक मिस मार्पल पहिल्यांदा छापून आली डिसेंबर १९२७ मध्ये, एका मासिकातल्या कथेत. मंगळवारी संध्याकाळी तिच्या घरी जमलेली मंडळी एकेक न सुटलेलं कोडं सांगतात आणि विणत बसलेली ही बाई दर वेळी उत्तर काढते. सप्टेंबर २०२० मध्ये रिचर्ड ऑस्मनचं 'द थर्सडे मर्डर क्लब' आलं. त्यात केंटमधल्या कूपर्स चेस या निवृत्तांच्या वसाहतीत चार जण दर गुरुवारी जमतात आणि पोलिसांच्या जुन्या फायली उलगडतात. मंगळवारचा गुरुवार झाला, पण बैठक तीच.

दोन्हीकडच्या वाचकांनी इथे लिहावं, म्हणून हा धागा. मराठी वाचक या पुस्तकांत कुठे अडतो, सूत्र कुठे लपलेलं असतं, कोणतं पुस्तक कशासाठी वाचावं, हे नेमकेपणाने सांगा. 'छान आहे', 'वेळ मस्त जातो' एवढ्याने नव्या वाचकाच्या हाती काही लागत नाही. एकच अट : खुन्याचं नाव फोडायचं नाही.

घड्याळजी

मार्पलच्या कादंबऱ्यांत सुरुवात १९३० च्या 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज'पासूनच करावी, कारण वेळेचा हिशेब कसा मांडायचा हे ते पुस्तक शिकवतं. गावच्या पाद्र्याच्या अभ्यासिकेत कर्नल प्रॉथरो मेलेला सापडतो. समोर अर्धवट चिठ्ठी, वर वेळ ६.२०. टेबलावरचं घड्याळ उलटून ६.२२ ला बंद पडलेलं. इन्स्पेक्टर स्लॅक या दोन आकड्यांवर अख्खी केस उभी करतो. पाद्री मात्र आपल्याला उशीर होऊ नये म्हणून ते घड्याळ बरोबर पाव तास पुढे ठेवत असतो. तो हे सांगायला जातो, तर स्लॅक त्याला बोलूच देत नाही.

इथे वाचकाने थांबून एक प्रश्न विचारायचा : घड्याळ पुढे आहे हे कोणाकोणाला माहीत होतं? घरच्या माणसांना माहीत, बाहेरच्याला नाही. म्हणजे आकडा खोटा असेल तर तो कोणी रचला याची यादी आपोआप लहान होते. सूत्र तुमच्यासमोर उघडं ठेवलेलं असतं. उतावळ्या पोलिसाने ते बाजूला सारलेलं असतं, म्हणून आपणही सारतो.

पुस्तकात दिलेले नकाशे ओलांडून पुढे जाऊ नका. मार्पलची बाग, गल्ली आणि व्हिकरेजचं, म्हणजे पाद्र्याच्या घराचं, मागचं फाटक एका रेषेत येतात. बागेत काम करताना तिला कोण गेलं ते दिसतं, आणि जाणाऱ्या व्यक्तीच्या हातात पर्स नव्हती हेही दिसतं. कागदावर तीन रकाने आखा : वेळ, कोणी सांगितली, त्याने ती कशावरून ठरवली. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. घड्याळ पाहून, चर्चची घंटा ऐकून आणि 'चहा झाल्यावर' या तीन वेळा सारख्या वजनाच्या नसतात.

पानवेल

@घड्याळजी, तिसऱ्या रकान्याला शंभर टक्के अनुमोदन. त्यात एक भर घालते. इंग्लंडमधला उजेड आपल्या डोक्यातल्या उजेडापेक्षा फार वेगळा असतो. आपल्याकडे वर्षभर सूर्य सहा-सातच्या दरम्यान मावळतो, त्यामुळे 'संध्याकाळचे साडेपाच' वाचलं की मनात उन्हं उतरलेली दिसतात. लंडनच्या आसपास डिसेंबरमध्ये चारच्या आतच सूर्यास्त होतो आणि जूनमध्ये सव्वानऊच्या पुढे. डिसेंबरात पाचला कोणी 'बागेतून त्याचा चेहरा ओळखला' म्हणत असेल तर तिथे खूण करून ठेवा. जूनमध्ये रात्री नऊला कोणी कुणाला लांबून ओळखलं तर मात्र त्यात वावगं काही नाही.

१९५० च्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'मध्ये चिपिंग क्लेगहॉर्न गावच्या वर्तमानपत्रात खुनाची जाहिरात येते : शुक्रवार, २९ ऑक्टोबर, सायंकाळी साडेसहा. त्या वेळी बाहेर अंधार पडलेला असतो. खोलीतले दिवे गेले की कोणाला काहीच दिसणार नाही, ही त्या प्रसंगाची मूळ गरज. म्हणून वेळ आणि महिना दोन्ही निवडून घेतलेले आहेत.

जेवणाच्या वेळाही समजून घ्या. दुपारचा चहा चार-साडेचारला, घंटा वाजवून बोलावतात ते रात्रीचं जेवण साडेसात-आठला. चहा आणि जेवण यांच्यामधले तीन तास कोण कुठे होतं हे कोणी कोणाला विचारत नाही. पुष्कळशा गोष्टी त्याच पोकळीत घडतात.

अभिलेख

मृत्युपत्राविषयी लिहितो. या पुस्तकांत निम्मे हेतू तिथूनच निघतात आणि आपण भारतातली वारसाहक्काची समज घेऊन वाचत बसतो.

इंग्लंडमध्ये १८३७ च्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात, दोघं एकाच वेळी हजर हवेत. साक्षीदाराला किंवा त्याच्या नवराबायकोला त्यात काही ठेवलेलं असेल तर ती देणगी बाद होते. म्हणून कादंबरीत म्हाताऱ्या बाई स्वयंपाकीण आणि माळी यांना सहीपुरतं बोलावतात तेव्हा एक गोष्ट कळते : या दोघांना त्या कागदात काही मिळणार नाही. घरात हजर असूनही सहीला कोणाला बोलावलं नाही, त्याचंही नाव लिहून ठेवा. दुसरा मुद्दा, लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र सहसा रद्द होतं. सत्तरीच्या गृहस्थाने अचानक लग्न ठरवलं की घरातल्यांचे चेहरे का पडतात ते यातून समजतं. तिसरा, खुन्याला मृताचा वारसा मिळत नाही. त्यामुळे हुशार खुनी स्वतः थेट वारस नसतोच. तो वारसाचा वारस असतो, किंवा कोण आधी गेलं यावर ज्याचा हक्क अवलंबून आहे असा. 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'मधला पैशाचा गुंता याच 'आधी कोण' वर उभा आहे.

कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. त्याची चौकशी म्हणजे खटला नव्हे. मृत्यू कसा, कुठे, केव्हा झाला हे ठरवणं तिचं काम. पण १९७७ च्या कायद्याने बदल होईपर्यंत तिथली ज्यूरी खुनी म्हणून एखाद्याचं नाव घेऊ शकत होती. म्हणूनच जुन्या पुस्तकांत त्या चौकशीला सारं गाव लोटतं आणि साक्षीदार तिथे इतके सांभाळून बोलतात.

घरकामाच्या बायकांचे हुद्दे वेगळे ओळखा. पार्लरमेड दार उघडते आणि टेबलावर वाढते, म्हणजे कोण आलं, कोण काय बोललं हे तिला ठाऊक. हाउसमेड खोल्या आवरते, तिला कागद जाळलेली शेगडी आणि न वापरलेला पलंग दिसतो. मार्पल स्वतः मुलींना या कामात तयार करत आलेली असल्यामुळे कोणत्या मुलीला काय दिसलं असेल हे तिला आधीच माहीत असतं. सगळ्यांना सरसकट 'मोलकरीण' धरून वाचलंत तर साक्षीची निम्मी किंमत गेली.

औषधमाळ

विषांबद्दल. ख्रिस्तींनी पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम केलं होतं आणि १९१७ मध्ये त्याची परीक्षाही दिली होती. त्यामुळे त्यांच्या पुस्तकात विष म्हणजे नुसतं 'चहात काहीतरी' नसतं. किती वेळाने परिणाम होतो हे पाहूनच प्रसंग बांधलेला असतो.

१९५३ च्या 'अ पॉकेट फुल ऑफ राय'मध्ये गृहस्थ कार्यालयात चहा पिताना कोसळतो. पहिला संशय साहजिकच चहावर. विष निघतं टॅक्सिन, यू झाडातलं. ते लगेच मारत नाही, त्याला अवधी लागतो, म्हणून तपास कार्यालयातून उठून घरच्या न्याहारीकडे वळतो. हे सुरुवातीलाच कळतं, त्यामुळे रहस्यभेद नाही. यू हे इंग्लंडमधल्या चर्चच्या आवारात हमखास दिसणारं झाड. त्याच्या लाल फळाचा फक्त गर विषारी नाही, आतली बी आणि पानं जहाल. गावात कुंपणाला उभं असलेलं झाड वापरलं की विष विकत घेतल्याची नोंद दुकानाच्या वहीत राहत नाही. फॉक्सग्लोव्ह या विषारी फुलझाडाचंही तसंच. फुलं येण्याआधी त्याची पानं सेज या स्वयंपाकातल्या पाल्यात मिसळली तर नवख्याला फरक कळत नाही.

वाचताना मेलेल्या माणसाने शेवटचं काय खाल्लं यापेक्षा त्याने एकट्यानेच काय खाल्लं, ते पाहत जा. सगळ्यांनी घेतलेल्या पदार्थातून एकच जण दगावला तर विष पदार्थात नाही, त्याच्या वाटीत, बशीत किंवा त्याच्या आवडीनिवडीत आहे.

सरितातीर

'थर्सडे मर्डर क्लब'बद्दल सविस्तर, कारण त्याविषयी दोन टोकांची मतं ऐकू येतात.

चौघं अशी : एलिझाबेथ, पूर्वी गुप्तहेर खात्यात; जॉयस, परिचारिका; इब्राहिम, मानसोपचारतज्ज्ञ; रॉन, कामगार पुढारी. फायली आल्या पेनी या निवृत्त पोलीस अधिकारी मैत्रिणीकडून, जी आता त्याच वसाहतीच्या शुश्रूषागृहात बेशुद्धावस्थेत आहे. बैठकीची खोली कोणी मध्ये येऊ नये म्हणून 'जपानी ऑपेरा : एक चर्चा' या नावाने राखून ठेवलेली. चार माणसांत चार कौशल्यं वाटून दिलेली आहेत. मार्पलच्या एका डोक्यात असलेलं काम इथे विभागलं जातं : माग काढणं, निरीक्षण, माणसाचं मन, आणि भांडून माहिती काढणं.

रचना म्हणाल तर अगदी छोटी प्रकरणं, बहुतेक वर्तमानकाळात, आणि मध्ये मध्ये जॉयसची रोजनिशी. ही रोजनिशी घाईने वाचू नका. केक, कुत्रा पाळावा का, मुलीचा फोन, असं लिहिता लिहिता ती एखादं वाक्य टाकून जाते आणि पुढच्या शंभर पानांत त्याची गरज पडते.

कुठे फसतं तेही सांगते. पहिल्या पुस्तकात एकाहून जास्त गुन्हे एकमेकांत गुंफलेत : बिल्डरचा खून, दफनभूमी हलवण्याविरुद्धच्या निदर्शनांच्या गर्दीत दुसरा मृत्यू, शिवाय जुनी हाडं. यातल्या काहींचं उत्तर पात्रांच्या अशा भूतकाळात आहे जो शेवटाकडेच उघडतो. पाव तासाच्या घड्याळासारखं न्याय्य सूत्र शोधत बसणाऱ्याची इथे निराशा होते. ती तक्रार मला पटते.

तरीही हे पुस्तक ठामपणे सुचवेन, स्टीफनसाठी. तो एलिझाबेथचा नवरा, स्मृतिभ्रंशाने हळूहळू दूर चाललेला. बोगदान नावाचा पोलिश कामगार त्याच्याशी बुद्धिबळ खेळायला येतो. त्या पटावरच्या गप्पांत तपासही पुढे सरकतो आणि एका घरात काय चाललंय तेही कळतं. २०२३ च्या चौथ्या भागात, 'द लास्ट डेव्हिल टू डाय'मध्ये, हे सूत्र पूर्ण होतं. तो भाग पहिला म्हणून हातात घेऊ नका, त्यातलं जे उत्तम आहे ते आधीच्या तिन्ही भागांशिवाय पोचत नाही. त्यातला मृत जुन्या वस्तूंचा व्यापारी कुलदेश शर्मा आहे. भारतीय वंशाचा माणूस इथे नुसता रंग भरायला आणलेला नाही, सगळ्यांना त्याचं जाणं लागतं.

घड्याळजी

@सरितातीर, मी त्या तक्रारवाल्यांतला. निदर्शनांतला मृत्यू औषध टोचून होतो, म्हणजे सुई हाताळता येणारं माणूस हवं. इतर कुठल्या गावात याने यादी दोन-तीन नावांवर आली असती. निवृत्तांच्या वसाहतीत माजी डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते भरपूर, त्यामुळे सूत्र यादी कमी करतच नाही. ही अडचण लेखकाने जागेची निवड करतानाच ओढवून घेतलेली आहे. शिवाय चौघं पुरावा हाती लागल्यावर पोलिसांना तो आपल्या सोयीने देतात. डोना आणि क्रिस हे दोघे पोलीस चांगले रंगवलेत, म्हणूनच त्यांना अंधारात ठेवणं जास्त खटकतं.

सरितातीर

सुईचा मुद्दा मान्य. पण त्या जागेमुळेच एक गोष्ट साधते : या वयात कोणाला तुरुंगाची भीती कितपत वाटेल, हा प्रश्न. मार्पलच्या काळात शेवटी फाशी होती. इथे शिक्षा झाली तरी ती भोगायला आयुष्य उरलेलं नसतं, आणि पुस्तकातले निर्णय त्या जाणिवेने घेतलेले आहेत.

जांभूळबन

पडद्यावरचं थोडक्यात. मार्पलसाठी बीबीसीची १९८४ ते १९९२ मधली जोन हिक्सनची मालिका. बाराही कादंबऱ्या, पुस्तकांशी बऱ्यापैकी इमानी, मार्पलचं गाव सेंट मेरी मीड म्हणून हॅम्पशरमधलं नेदर वॉलप गाव. मार्गारेट रदरफोर्डचे साठच्या दशकातले चार चित्रपट गंमतीचे आहेत, पण त्यातले दोन मुळात पॉयरो या ख्रिस्तींच्या दुसऱ्या शोधकाच्या कादंबऱ्यांवर आधारित, आणि ती धावपळ करणारी मार्पल पुस्तकातली नव्हे. २००४ नंतरच्या आयटीव्ही मालिकेत मार्पल नसलेल्या कथांतही तिला घातलंय, तेव्हा भाग पाहून पुस्तक शोधायला गेलात तर गोंधळाल.

'थर्सडे मर्डर क्लब'चा चित्रपट ऑगस्ट २०२५ मध्ये आला. हेलन मिरेन, पिअर्स ब्रॉस्नन, सेलिया इम्री आणि इब्राहिमच्या भूमिकेत बेन किंग्जली. वसाहत म्हणून बर्कशरमधलं एंगलफील्ड हाउस, पुस्तकातल्यापेक्षा पुष्कळच भव्य. बोगदानचं कथानक बदललंय, म्हणून पुस्तक आधी वाचा.

नवी_पालवी

सगळे प्रतिसाद वाचले. आईसाठी पुस्तक हवं आहे, वय ७४, इंग्रजी सावकाश वाचते. कुठून सुरुवात करावी?

पानवेल

१९३२ च्या 'द थर्टीन प्रॉब्लेम्स'पासून. तेरा लघुकथा आहेत, एका बैठकीत एक होते, आणि पहिल्या सहा कथांत एक मंडळी, पुढच्या सहांत दुसरी, त्यामुळे नावं पुन्हा पुन्हा शोधावी लागत नाहीत. मग १९५७ चं '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन'. समांतर धावणाऱ्या गाडीत मैत्रिणीने खून पाहिला, पण पोलिसांना मृतदेह सापडत नाही. मार्पल नकाशा घेऊन तोच प्रवास पुन्हा करते, गाडी वळणावर कुठे मंदावते ते बघते, आणि पुढची शोधाशोध आपल्या शरीराला झेपणार नाही हे ओळखून लूसी नावाच्या हुशार तरुणीला पगार देऊन त्या घरात कामाला पाठवते. त्यानंतर १९६२ चं 'द मिरर क्रॅक्ड'. त्यात डॉक्टरांनी बागकाम बंद केलंय, विणताना टाके सुटतात, आणि गावात नवी वसाहत उभी राहिली आहे. मार्पल ती बघायला चालत जाते, पडते, आणि तिला हात देणाऱ्या बाईपासूनच गोष्ट सुरू होते. मोठ्या टायपातली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या.