गवती छपराचं जुनं शेतघर: फक्त पडवीच गळते, मदत हवी आहे

मातीच्या भिंती, लाकडी सांगाडा. मुख्य पाख्याचा उतार ४८ अंश. तेच गवत न तोडता पुढे पडवीवर उतरवलंय. पडवी १.८ मी. रुंद, तिची वळचण भिंतीच्या माथ्यापेक्षा १ मी. खाली, म्हणजे उतार जेमतेम ३० अंश. गवताची जाडी सगळीकडे ३० सेंमी. मागच्या डागडुजीत पडवीच्या रिपांवर प्लॅस्टिकचा कागद अंथरला होता. आता तिथले वासे काळे पडलेत. वरून नवा थर चढवला तर भागेल का? मूळ रचनेला शक्यतो धक्का नको.

प्रतिसाद १
थर अजिबात चढवू नका. दोष उताराचा आहे. पेंढ्या एकावर एक बसतात, त्यामुळे काडी छपरापेक्षा नेहमी सपाट पडते, आणि थर जितका जाड तितकी जास्त सपाट. ३० अंशांवर पाणी काडीवरून बाहेर ओघळण्याऐवजी आत मुरतं. मुख्य पाख्यातली एक काडी ओढून बघा: वरचे दोन-तीन सेंमी करडे, त्याखाली पिवळी, करकरीत. पडवीवरची चिमटीत चुरगळेल. निदान ४५ अंश हवेतच, ५० असले तर उत्तम.

प्लॅस्टिक आधी काढा. गवत खालच्या अंगानेही वाळतं. कागदाने ती वाट बुजते आणि मुरलेलं पाणी तिथेच साचून खालचा थर कुजतो.

प्रतिसाद २
वासे काळे म्हणजे कुजलेलेच असं नाही. दाभण टोचा. धुराची काजळी कठीण नि चकचकीत असते, कुजक्या लाकडात दाभण सहज शिरतो. काजळीवरून पडवीचं वयही कळेल: मुख्य वासे काजळलेले आणि पडवीचे उजळ, वेगळे खिळ्यांनी ठोकलेले असतील, तर ती बहुधा मागाहून जोडलेली.

४५ अंशांसाठी १.८ मी. रुंदीला १.८ मी. उतरण लागते, तुमच्याकडे १ मी. आहे. एवढं खाली आणलं तर पडवीत उभं राहता येणार नाही. म्हणून मागाहूनची असेल तर गवत भिंतीपाशीच थांबवा, वळचण ४५ सेंमी पुढे काढा आणि पडवीवर तिच्याखाली वीतभर फट सोडून फळ्यांचं वेगळं छप्पर करा. मूळची असेल तर सांगाडा तसाच राखा, पडवीवरचं जुनं गवत काढून त्याजागी लांब काडीचा पातळ, २० सेंमी थर घाला आणि तेवढा भाग लवकर लवकर शाकारावा लागेल हे धरून चाला.

तोवर ताडपत्री गवतावर टेकवू नका. बांबूंवर हातभर उंच ताणा, खालून वारा खेळला पाहिजे.