व्हॅरिमॅक्स ठेवावे की प्रोमॅक्स घ्यावे?

प्रश्न – संशोधक विद्यार्थिनी, परभणी
सोयाबीन उत्पादक शेतकऱ्यांकडून भरून घेतलेल्या १८ विधानांच्या प्रश्नावलीवर मी फॅक्टर ॲनालिसिस (अनेक विधानांमागचे मोजके समान घटक, म्हणजे फॅक्टर, शोधण्याची संख्याशास्त्रीय पद्धत) करीत आहे. पाण्याची चिंता, कर्जाचा ताण आणि बाजारभावावरील विश्वास असे तीन फॅक्टर मिळाले. मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून रोटेशनसाठी (फॅक्टरांचे अक्ष फिरवून उत्तर वाचायला सोपे करण्यासाठी) व्हॅरिमॅक्स ही पद्धत वापरली. परंतु ‘बोअर आटला तर उसनवारी करावी लागेल’ हे विधान पहिल्या दोन्ही फॅक्टरांवर ०.५ च्या आसपास लोडिंग (विधानाचे त्या फॅक्टरशी नाते किती घट्ट, याचा आकडा) दाखवते. विधान गाळावे की रोटेशन बदलावे? आणि रोटेशन बदलून हवे ते उत्तर काढले, असा आक्षेप व्हायवात आला तर काय सांगावे?

उत्तर – निवृत्त शिक्षक, लातूर
ताई, आधी आक्षेपाचे पाहू. रोटेशनमध्ये विधाने जागच्या जागी राहतात, आपण केवळ अक्ष फिरवतो. कागदावर करून पाहा: दोन फॅक्टरांवर ०.६ आणि ०.६ लोडिंग असेल तर वर्गांची बेरीज ०.७२ होते, अक्ष ४५ अंशांनी फिरवले की तीच लोडिंग्ज ०.८५ आणि ० होतात, बेरीज मात्र ०.७२ च राहते. ही बेरीज म्हणजेच कम्युनॅलिटी, सर्व फॅक्टरांनी मिळून स्पष्ट केलेला विधानाचा वाटा. ती बदलत नाही, वाचन सोपे होते, आणि या पद्धतीचे आद्य अभ्यासक थर्स्टन यांचा ‘साध्या रचने’चा (प्रत्येक विधान शक्यतो मोजक्याच फॅक्टरांवर ठळक असण्याचा) आग्रह होता तो याचसाठी.

कैसर यांनी १९५८ मध्ये मांडलेले व्हॅरिमॅक्स प्रत्येक स्तंभातील लोडिंगच्या वर्गांचे प्रचरण (व्हेरिअन्स, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा) वाढवते; पण अक्ष काटकोनातच ठेवते, म्हणजे फॅक्टरांमधील सहसंबंध शून्य आहे हे आपण आकडे पाहण्याआधीच ठरवून टाकतो. पाऊस ताणला की बँकेचे नाहीतर सावकाराचे दार ठरलेलेच, अशा आपल्या मुलखात पाणी आणि कर्ज यांना असंबद्ध मानणे मला तरी पटत नाही. प्रोमॅक्स किंवा डायरेक्ट ऑब्लिमिन या अक्ष तिरपे होऊ देणाऱ्या, म्हणजे फॅक्टरांच्या सहसंबंधाला वाव देणाऱ्या पद्धतींपैकी एक चालवा आणि फॅक्टरांचा सहसंबंध पाहा. तो सगळीकडे ०.३२ च्या खाली निघाला, म्हणजे सामाईक प्रचरण (सहसंबंधाचा वर्ग) दहा टक्क्यांच्या आसपास किंवा आतच राहिले, तर व्हॅरिमॅक्सवर परतायला हरकत नाही. अशा रोटेशनमध्ये लोडिंगचे दोन तक्ते मिळतात; लोडिंग मात्र पॅटर्न मॅट्रिक्समधूनच वाचा, त्यात प्रत्येक फॅक्टरचा स्वतंत्र वाटा दिसतो. स्ट्रक्चर मॅट्रिक्समध्ये फॅक्टरांचा आपसातील संबंधही मिसळलेला असतो.

उत्तर – प्रश्नावली तयार करणारा, बीड
सरांशी सहमत आहे, पण दोष विधानातही आहे. बोअर आटणे आणि उसनवारी या दोन गोष्टी एकाच वाक्यात विचारल्या आहेत. ज्याचा बोअर बारमाही आहे त्याने कशाला होकार द्यायचा? असे विधान कोणत्याही रोटेशनमध्ये दोन्हीकडे ओढले जाण्याची शक्यता राहतेच. ते गाळून एकदा पुन्हा चालवून पाहा.

प्रश्नकर्ती
गाळले. प्रोमॅक्समध्ये पाणी आणि कर्ज यांचा सहसंबंध ०.४६ आला. परंतु रोटेशननंतरच्या प्रचरणाचा टक्केवारीचा रकाना एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधून नाहीसा झाला आहे.

उत्तर – निवृत्त शिक्षक, लातूर
तो नसणेच बरोबर आहे. फॅक्टर परस्परसंबंधित असले की काही प्रचरण दोघांच्याही खात्यावर पडते, त्यामुळे स्वतंत्र टक्केवाऱ्यांची बेरीज करता येत नाही. प्रबंधात रोटेशनपूर्वीची एकूण टक्केवारी द्या आणि तिच्याशेजारी फॅक्टरांच्या सहसंबंधांचा तक्ता जोडा.