कास्ट नको, सेल्फ मेथड घ्या
जावामध्ये ॲबस्ट्रॅक्ट क्लासमधल्या (ज्याचा थेट ऑब्जेक्ट बनत नाही अशा बेस क्लासमधल्या) मेथडने सबक्लासचाच टाइप परत द्यावा, हे कसं करायचं असा प्रश्न आहे. तो जेनेरिक्सने, म्हणजे क्लासला टाइपच पॅरामीटर म्हणून देऊन, सुटतो. बेस क्लासला 'टी' टाइप पॅरामीटर द्या. हा टी त्याच बेसला एक्स्टेंड करणारा हवा. जावाचा स्वतःचा एनम क्लास असाच लिहिलाय.

पण बेसमध्येच 'धिस'चा (चालू ऑब्जेक्टचा) टी मध्ये कास्ट करा, म्हणजे त्याचा टाइप टी आहे असं कंपाइलरला जबरदस्तीने सांगा, हा सल्ला मला अजिबात पटत नाही. हिंजवडीत आमच्या टीममध्ये कॉपी-पेस्ट करताना ईमेलनोटीस क्लासच्या पहिल्या ओळीत टीच्या जागी एसएमएसनोटीस तसंच राहिलं. कंपाइल झालं, वॉर्निंग आधीच दाबलेली, आणि रात्री नऊला क्लासकास्टएक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना टाइप न जुळल्याची एरर!

त्यापेक्षा बेसमध्ये ॲबस्ट्रॅक्ट सेल्फ मेथड ठेवा आणि प्रत्येक सबक्लासला त्यात 'रिटर्न धिस' लिहायला लावा. टाइप चुकला की कंपाइलर तिथेच अडवतो.

एकच मेथड असेल तर सरळ ओव्हरराइड करताना रिटर्न टाइप सबक्लासचा लिहा; जावा ५ पासून, म्हणजे २००४ पासून, ते चालतं.