इंग्रजीतून रस्ता सांगताना : तुमचे अनुभव, तुमच्या युक्त्या

'लेफ्ट', 'राइट', 'स्ट्रेट' हे तीन शब्द सगळ्यांना येतात. तरी आपण सांगितलेल्या रस्त्याने निघालेला पाहुणा भलत्याच गल्लीत शिरतो. गडबड नेमकी कुठे होते? इंग्रजी शिकणारे, शिकवणारे, गाइड, हॉटेलच्या काउंटरवर बसणारे, सगळ्यांनी लिहा. किस्से नकोत. काय म्हणायचं, काय टाळायचं आणि का, एवढं नेमकं हवं.

शिकवणीवाली

गडबड 'लेफ्ट-राइट'मध्ये नसते, आपल्या मराठी शब्दांत असते. चार शब्द सांगते, वर्गात याच चारांवर सगळ्यात जास्त वेळ जातो.

पहिला 'समोर'. मराठीत बँकेच्या दारात उभी असलेली गाडी बँकेसमोर असते आणि रस्त्यापलीकडचं दुकानही बँकेसमोरच असतं. इंग्रजीत या दोन वेगळ्या जागा आहेत. 'इन फ्रंट ऑफ द बँक' म्हणजे दाराशी, रस्त्याच्या त्याच बाजूला. 'ऑपोझिट द बँक' म्हणजे रस्ता ओलांडून पलीकडे. मेडिकल दुकान पलीकडे असताना 'इन फ्रंट ऑफ' म्हटलं, की माणूस बँकेच्या पायऱ्यांवर उभा राहून दुकान शोधतो. 'ऑपोझिट'नंतर 'टू' लावू नका, सरळ 'ऑपोझिट द बँक'.

दुसरा 'सोडून'. 'दोन गल्ल्या सोडून वळा' याचं 'लीव्ह टू लेन्स अँड टर्न' केलं तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. इंग्रजीत सोडलेल्या गल्ल्या मोजत नाहीत, वळायची गल्ली मोजतात. दोन सोडून म्हणजे तिसरी. 'टेक द थर्ड लेन ऑन द लेफ्ट.' आकडा एकाने वाढवायला विसरलात की माणूस एक गल्ली आधीच वळतो.

तिसरा 'लागेल'. 'पुढे देऊळ लागेल' याचं 'टेम्पल विल कम' होतं. देऊळ चालत येत नाही हो! 'यू विल सी अ टेम्पल' किंवा 'यू विल कम टू अ टेम्पल' म्हणा.

चौथा 'अलीकडे'. याला इंग्रजीत नेमका एक शब्द नाही. 'जस्ट बिफोर द ब्रिज' म्हणजे पुलाच्या जरा अलीकडे, 'जस्ट पास्ट द ब्रिज' म्हणजे जरा पलीकडे. अलीकडची खूण दिली की एक वाक्य जोडायचंच : 'इफ यू रीच द ब्रिज, यू हॅव गॉन टू फार.' चुकलो हे माणसाला कळायला हवं ना, नाहीतर तो चालतच राहतो.

गल्लीबोळ

शिकवणीवाली यांच्या यादीत 'क्रॉस' वाढवा. 'क्रॉस द बँक' होत नाही, बँक ओलांडता येत नाही. 'गो पास्ट द बँक.' रस्ता आणि पूल मात्र 'क्रॉस' होतात. सिग्नल असेल तर 'गो थ्रू द लाइट्स' किंवा 'गो पास्ट द सिग्नल'. आणि 'बॅकसाइड ऑफ हॉटेल' कृपा करून नको. त्या शब्दाचा पहिला अर्थ शरीराचा मागचा भाग असाच लागतो. 'बिहाइंड द हॉटेल' म्हणा.

फोर्टकर

आमच्या भागात, मुंबईच्या फोर्टमध्ये, सगळ्यात जास्त विचारला जाणारा रस्ता म्हणजे सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्टेशन) ते गेटवे ऑफ इंडिया. अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास, रमतगमत चाललं तर अर्धा तास. वाक्यं अशी :

'कम आउट ऑन डी. एन. रोड अँड टर्न लेफ्ट. गो स्ट्रेट टिल यू कम टू अ बिग स्टोन फाउंटन.' हे फ्लोरा फाउंटन, म्हणजे हुतात्मा चौक. 'कीप गोइंग इन द सेम डिरेक्शन. यू विल पास काला घोडा, देन अ म्युझियम विथ अ बिग डोम, ऑन युअर लेफ्ट.' पुढे रीगल सिनेमाचं सर्कल. 'डोन्ट गो डाउन कोलाबा कॉजवे. टेक द रोड ऑन द लेफ्ट, टुवर्ड्स द सी.'

खरी मेख इथे आहे : वाटेत कारंजी दोन आहेत. हुतात्मा चौकातलं फ्लोरा आणि रीगलच्या सर्कलमधलं वेलिंग्टन. नुसतं 'टर्न लेफ्ट ॲट द फाउंटन' म्हटलं तर माणूस पहिल्याच कारंज्याला डावीकडे वळून हॉर्निमन सर्कलकडे जातो. म्हणून पहिल्याला 'गो पास्ट द फर्स्ट फाउंटन', आणि दुसऱ्याला कारंजं म्हणायचंच नाही, 'द राउंडअबाउट नियर रीगल सिनेमा' म्हणायचं.

दुसरी गोष्ट नावांची. आपण बोलतो एक, पाटीवर असतं दुसरंच. रीगलचा चौक पाटीवर श्यामाप्रसाद मुखर्जी चौक, पेडर रोड म्हणजे डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग, मरीन ड्राइव्ह म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. सीएसएमटी स्टेशनचं 'व्हिक्टोरिया टर्मिनस' हे नाव 1996 साली बदललं, 2017 साली नव्या नावात 'महाराज' आलं, पण टॅक्सीवाला अजून 'व्हीटी'च म्हणतो. पाहुण्याला दोन्ही नावं द्या : 'द साइन सेज धिस, बट पीपल कॉल इट दॅट.' पाटी वाचायची तर एक नाव, कुणाला विचारायचं तर दुसरं.

दादर_पूर्व

स्टेशनवर 'ईस्ट' आणि 'वेस्ट' आधी सांगा, बाकी नंतर. मुंबईत या दिशा नाहीत, रुळांच्या दोन बाजू आहेत. नवख्याला हे ठाऊक नसतं, तो मोबाइलमधलं होकायंत्र बघतो. 'कम आउट ऑन द वेस्ट साइड ऑफ द स्टेशन' असं पूर्ण वाक्य हवं. दादरला डिसेंबर 2023 पासून फलाटांचे नंबर सलग 1 ते 14 झालेत, 8 पासून पुढचे मध्य रेल्वेचे. त्याआधी एक नंबरचा फलाट पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेंना होता, तेव्हा 'प्लॅटफॉर्म वन' म्हणून काहीच उलगडत नसे. जुनी माहिती डोक्यात असेल तर पुसून टाका.

कानसेन

उच्चारावर कुणी बोललंच नाही. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत जोर चुकला की पंधरा मीटरचे पन्नास होतात. फिफ्-टीन, शेवटावर जोर आणि लांब 'टी'. फिफ्-टि, सुरुवातीवर जोर. शंका असेल तर 'वन फाइव्ह' किंवा 'फाइव्ह झीरो' म्हणून टाका.

आणि 'राइट' जपून वापरा. समोरचा विचारतो, 'सो आय टर्न लेफ्ट?' आपण खुशीत म्हणतो, 'राइट!' झालं. तिथे 'यस, लेफ्ट' म्हणा.

नागपुरी_संत्रं

आमच्याकडे चौकाला 'स्क्वेअर' म्हणतात, व्हरायटी स्क्वेअर वगैरे. लंडनकडच्या माणसाला 'स्क्वेअर' म्हणजे चारी बाजूंनी इमारती असलेलं मोकळं आवार वाटतं, तो बाकं आणि झाडं शोधतो. नाव म्हणून 'स्क्वेअर' ठेवा, पण वर्णनात 'जंक्शन' किंवा 'क्रॉसरोड्स' म्हणा : 'ॲट व्हरायटी स्क्वेअर, अ बिग जंक्शन विथ ट्रॅफिक लाइट्स.'

अटलांटिकपार

अमेरिकेतला माणूस असेल तर तीन शब्द सांभाळा. 'सबवे' म्हणजे त्याला भुयारी रेल्वे, आपला रस्त्याखालचा भुयारी मार्ग नव्हे. आपल्या भुयारी मार्गाला 'अंडरपास' किंवा 'द टनेल अंडर द रोड' म्हणा. 'फर्स्ट फ्लोअर' म्हणजे त्याच्या लेखी तळमजला, म्हणून 'वन फ्लोअर अप' म्हणा. 'फ्लायओव्हर' तो 'ओव्हरपास' म्हणून ओळखतो. अंतर मीटरमध्ये सांगून त्याला अंदाज येत नाही, मिनिटांत सांगा : 'अबाउट अ टेन-मिनिट वॉक'. इथे 'मिनिट' एकवचनीच. 'टेन मिनिट्स बाय वॉक' नको, 'ऑन फूट' चालेल.

त्याला हेही सांगा की रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघ. सवयीने तो डावीकडे बघून पाय टाकतो, आणि आपली गाडी उजवीकडून येते.

मांडवीकाठ

पणजीत रस्त्यांची नावंच तारखा आहेत : 18 जून रस्ता, 31 जानेवारी रस्ता. 'ऑन एटीन्थ जून' एवढंच म्हटलं तर पाहुण्याला कार्यक्रमाची तारीख वाटते. 'रोड' शब्द गाळायचा नाही, आणि सोबत 'इट्स द नेम ऑफ द स्ट्रीट' जोडायचं. फोंतेन्यास या जुन्या वस्तीत जाणाऱ्याला 31 जानेवारी रस्ता लागतो, तिथे हे वाक्य लागतंच.

पुणेरी_पाटी

पुण्यात आधी विचारा : 'आर यू वॉकिंग ऑर ड्रायव्हिंग?' फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता दोन्ही एकेरी, उलट दिशांचे. गुडलक चौकातून फर्ग्युसन रस्त्याने गाडी पुढे जाते, डेक्कनकडे परत यायचं तर जंगली महाराज रस्त्याने. पायी जाणाऱ्याला 'गो बॅक द सेम वे' ठीक आहे, गाडीवाल्याला तेच सांगितलं तर तो उलट्या दिशेने घुसतो. त्याला 'धिस इज अ वन-वे रोड, यू हॅव टू कम बॅक बाय जे. एम. रोड.'

शिवाय 'पुढचा सिग्नल' धोकादायक आहे. 'नेक्स्ट सिग्नल' म्हणजे हा दिसतोय तो, की त्याच्या पुढचा? 'द फर्स्ट सिग्नल', 'द सेकंड सिग्नल' म्हणा.

बिनधास्त_बोला

एवढं व्याकरण लागतं का? 'टेक अ लेफ्ट'ऐवजी 'टेक लेफ्ट' म्हटलं तरी कळतं. 'अ' गाळल्याने कुणी हरवत नाही.

शिकवणीवाली

'अ' गाळल्याने नाही हरवत, हे मान्य. 'समोर' आणि 'सोडून' चुकल्याने हरवतो. वेळ थोडा असेल तर तेवढेच सुधारा. 'प्लीज' आणि 'काइंडली'ची माळ लावायचीही गरज नाही. 'गो', 'टर्न', 'टेक' हे रस्ता सांगताना उद्धट लागत नाहीत, उलट वाक्य आखूड राहतं.

सरावाची एक पद्धत : दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकाच्या हातात नकाशा, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्याने बोलायचं, दुसऱ्याने रेघ मारायची. हात हलवता येत नाहीत, त्यामुळे 'दिस साइड, दॅट साइड' आपोआप बंद. रेघ जिथे चुकते तिथलं वाक्य पुन्हा रचायचं. एका वेळी तीन वळणांपेक्षा जास्त नको. चौथ्या वळणाला 'देन आस्क समवन देअर' सांगून माणूस मोकळा करा.

फोर्टकर

आणि प्रत्यक्षात सांगताना त्याच्यासमोर उभं राहू नका, शेजारी उभे राहा, दोघांचं तोंड एकाच दिशेला. समोर उभं राहिलं की तुमचा उजवा हात त्याच्या डाव्या बाजूला असतो, तोंड 'राइट' म्हणतं आणि हात भलतीकडे दाखवतो. तो हातावर विश्वास ठेवतो.