मॅक्समध्ये यादीच्या पोटात यादी

प्रश्न असा आहे की प्रत्येक बारमध्ये तीन आवाज, प्रत्येक आवाजात चार-पाच स्वर, हे सगळं मॅक्समध्ये (घटक तारांनी जोडून संगीताचे प्रोग्राम बनवण्याचं सॉफ्टवेअर) एकत्र ठेवायचं कसं? साध्या यादीत ते जमणार नाही. मॅक्सची यादी सपाट असते, आत कंस टिकत नाहीत. काहीजण ‘कोल’ (क्रमांक देऊन ओळी साठवणारा मॅक्सचा घटक) सुचवतात, पण तिथेही एका क्रमांकाला एकच सपाट ओळ.

मी ‘डिक्ट’ वापरते, म्हणजे नावांच्या कप्प्यांत कप्पे ठेवणारा डिक्शनरीचा घटक. ‘रिप्लेस बार१::आवाज२::पट्टी ६४’ असा संदेश दिला (पट्टी म्हणजे स्वराची उंची) की मधले कप्पे नसले तरी आपोआप तयार होतात. मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचं फसतं: तारेतून विदा जात नाही, फक्त डिक्शनरीचं नाव जातं. तारेला दोन फांद्या फोडून एका फांदीत पट्टी बदललीत की दुसऱ्या फांदीतही ती बदललेलीच दिसणार. वेगळी प्रत हवी तर दुसऱ्या नावाचा डिक्ट घ्या आणि त्याला ‘क्लोन’ संदेश पाठवा.

स्वरलेखनच करायचं असेल तर मात्र आगोस्तिनी आणि गीझी यांची मॅक्ससाठीची ‘बाख’ लायब्ररी घ्याच. तिची यादी लिस्प या प्रोग्रामिंग भाषेतल्या यादीसारखी हवी तितकी खोल जाते. ‘बाख.फ्लॅट’ने हवी तेव्हा सपाटही करता येते.