एपिफनी : साक्षात्कार, प्रकटीकरण की उजेड?

प्रश्न : ६ जानेवारीच्या एपिफनी या ख्रिस्ती सणाला मराठीत नेमके काय म्हणावे? कुणी ‘साक्षात्कार’ म्हणते, कुणी ‘प्रकटीकरण’. दोन्ही एकच का?

उत्तर : एकच नाहीत. साक्षात्कार ज्याचा त्याला होतो. एखादी गोष्ट अचानक उमगली, तर तिथे तो शब्द शोभतो. सणाचा अर्थ मात्र दुसऱ्यांपर्यंत पोचण्याचा आहे. बेथलेहेमचे बाळ यहुदी नसलेल्या, दूरदेशीच्या परक्यांनाही दिसले, ही त्यातली मुख्य गोष्ट. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून मागी, म्हणजे ज्ञानी लोक, येतात. ते तीन होते किंवा राजे होते, असे मत्तय कुठेच म्हणत नाही. सोने, ऊद आणि गंधरस या भेटी तेवढ्या तीन.

म्हणून मी ‘प्रभूचे प्रकटीकरण’ म्हणेन. नुसते ‘प्रकटन’ नको. प्रकटीकरण म्हणजे जे प्रकट नव्हते ते प्रकट करणे. त्यात करणारा आला आणि ज्याच्यासाठी केले तोही आला. ‘प्रभूचे’ हवेच, कारण बायबलच्या शेवटच्या पुस्तकालाही प्रकटीकरणच म्हणतात.

तरी एक हळहळ राहते. या शब्दात उजेड उरला नाही. ‘एपिफनी’च्या मूळ ग्रीक शब्दातला ‘फाइनो’ आणि आपला ‘भा’ (चमकणे) धातू एकाच मुळाचे. प्रभा, आभा, भानु हे सगळे त्याच गोतावळ्यातले. ग्रीक लोक या सणाला ‘ता फोता’, म्हणजे दिवे, असेही म्हणतात. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती परंपरेत हाच सण ‘दनहा’. त्या सुरियानी शब्दाचा अर्थ उदय, उगवणे. तिथे केळीचा खुंट रोवून त्यावर पणत्या लावतात. इरिंजालकुडाचा पिंडीपेरुन्नाळ हा सण त्यासाठीच प्रसिद्ध आहे. त्या एका खुंटाने जे सांगितले, ते आपल्या संस्कृत शब्दांना जमत नाही असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : गोव्यात ‘तीन रायांचें फेस्त’ म्हणतात. हा ‘राय’ पोर्तुगीज ‘रेइ’वरून आला का?

उत्तर : नाही, राय आपला, ‘राजन्’वरून आलेला. पण पोर्तुगीज शब्द लॅटिन ‘रेक्स’मधून येतो, आणि रेक्स व राजन् चुलतभाऊच. मांडवीकाठच्या रेइश मागुश गावाच्या नावात तेच ‘मागी राजे’ आहेत. तिथले चर्च १५५५चे. गोव्यातल्याच कुएलीला कासावली, आरोशी आणि कुएली अशा तीन गावांची तीन मुले राजे होऊन घोड्यावरून टेकडीवरच्या कपेलाकडे (छोट्या चर्चकडे) जातात, तीन वेगवेगळ्या वाटांनी.

प्रश्न : मग श्रद्धेतून दुसऱ्याला प्रकाश देणे, हे साध्या मराठीत कसे म्हणावे? ‘उजेड पाडणे’ चालेल?

उत्तर : नको. ‘काय उजेड पाडलास’, ‘काय दिवे लावलेस’ हे आपण चिडून म्हणतो. ‘उजेड दाखवणे’ किंवा ‘दिवा धरणे’ म्हणा. अंधारात पुढच्या माणसाच्या पायाशी कंदील धरतात, तसे. मराठी बायबलने याच जागी एक सुरेख शब्द जपला आहे, दिवठण, म्हणजे दिवा ठेवायची उंच बैठक. दिवा लावून मापाखाली झाकत नाहीत, दिवठणीवर ठेवतात, म्हणजे घरातल्या सगळ्यांना दिसते.